रूपालीला त्या डोळ्याने फक्त मी दिसायचे

माझं शिक्षण चौथीपर्यंत, त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका पदरात घ्या. पण मी भोळी नाही. आमच्या गल्लीत एका बाईच्या अंगात यायचं, तेव्हा मी चुलीवरचा तापलेला तवा तिच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, देवी असशील तर बस यावर. ती मुकाट उठून घरात गेली. भूत, करणी, नजर… यातलं काही मी मानत नाही, आजही नाही. तरी जे झालं ते लिहिते.

सुरतला गोडादऱ्यात आमचं रो-हाऊस आहे. पुढे ओटा, मग बैठक, मग बिनखिडकीची मधली खोली, मागे स्वयंपाकघर. वर गच्ची आणि पाण्याची टाकी. मूळ आम्ही पारोळ्याकडचे. आमचे मालक, योगेशचे वडील, वारले. मुलगा योगेश कडोदऱ्याला कापडाच्या लूमवर आहे, सकाळी सातला जातो तो रात्री आठला येतो. म्हणजे दिवसभर घरात मी आणि सून.

सून आणताना माझी एकच अट होती, चष्मावाली नको. पोरगी बघायला गेले की मी सुई-दोरा हातात द्यायचे. दोन पोरी त्यातच नापास केल्या. रूपालीने पहिल्या झटक्यात दोरा ओवला. तिचा बाप म्हणाला, "बघा, नजर कशी आहे!" मी होकार दिला.

नऊ महिन्यांनी तिचा उजवा डोळा लाल झाला. शेजारच्या कोकिळाबेन म्हणाल्या, "बा, आंख तो टमेटा जेवी थई गई." मी म्हटलं, डोळे आलेत. मेडिकलवाल्याकडून थेंब आणले. दोन दिवस बरं वाटलं, मग ती भिंतीवर डोकं आपटायला लागली. उजेड सहन होईना. बुबुळावर पांढरं गोल कडं दिसायला लागलं. मी ओरडले, "काय व्हयनं वं तुले? बाळंतपण आहे का हे?" योगेशने सुट्टी टाकली आणि आम्ही तिला डोळ्याच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरने पहिलाच प्रश्न विचारला, "लेन्स पहनती हो?"

रूपाली माझ्याकडे बघत राहिली. मग होकाराची मान हलवली.

दोन्ही डोळ्यांना उणे सात नंबर. सुईत दोरा ओवला तो लेन्स घालून. नऊ महिने माझ्या घरात ती लेन्स घालून झोपली, लेन्स घालूनच आंघोळ केली. लेन्स धुवायच्या औषधाची बाटली मला कपाटात सापडेल म्हणून ती आणणंच बंद केलं. आठवड्यातून दोनदा लेन्स काढायची आणि कुंकवाच्या करंड्यात ठेवायची. करंड्याला दोन कप्पे असतात ना, हळदीचा आणि कुंकवाचा. एकात उजवी, एकात डावी, वर टाकीचं पाणी. सुनेचा करंडा सासू उघडत नाही, हे तिला ठाऊक होतं.

डॉक्टरने कपाळाला हात लावला. म्हणाला, साध्या पाण्यात एक जंतू असतो, तो लेन्सखाली अडकून बुबुळ खात बसतो. आणि मेडिकलचे थेंब स्टिरॉइडचे होते, त्यांनी तो आणखी पोसला. ते थेंब मी आणले होते. तेव्हा मी त्यावर काही बोलले नाही.

मी वेगळंच बोलले. भरल्या दवाखान्यात, सगळे ऐकत असताना. सुरतेत साडीला डाग निघाला की माल व्यापाऱ्याला परत जातो. मी म्हटलं, "डागी माल दिला आम्हाला. बापाला सांग, माल परत येतोय."

योगेश म्हणाला, "आई, गप."



डोळा बधिर करून पात्याने बुबुळ खरवडलं आणि ते तपासायला पाठवलं. लेन्स कायमच्या बंद. दोन प्रकारचे थेंब लिहून दिले. डॉक्टरने माझ्याकडे बोट करून सांगितलं, "बा, हर घंटे. एक भी छूटना नहीं चाहिए. छेद हो गया तो आँख निकालनी पड़ेगी." रात्रीचे थेंब योगेशने घेतले, दिवसाचे माझ्या गळ्यात.

मी खरं सांगते. मी मनातून ठरवून टाकलं होतं. डोळा गेला तर हिला माहेरी धाडायची. मग फारकतीला कोणी नाव ठेवणार नाही, असा माझा हिशेब. म्हणून पहिल्या दिवशी मी अकराचे थेंब टाकले नाहीत. विसरले नव्हते. ओट्यावर बसून मेथी निवडत होते.

बाराला आत गेले. ती मधल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडली होती, दार लोटलेलं, दाराला गोधडी लावलेली.

मी म्हटलं, "अकराचे टाकले होते, तू झोपेत होतीस."

"नाही, आत्या. तुम्ही मेथी निवडत होतात. मधे कवळी काढली, पदराला पुसली आणि परत बसवली."

कवळी मी कोणासमोर काढत नाही. योगेशसमोरसुद्धा नाही. तेव्हा ओट्यावर कोणीच नव्हतं, कोकिळाबेन नंतर आल्या.

"कोणी सांगितलं?"

"दिसलं."

"कशाने?"

तिने उजव्या डोळ्याकडे बोट केलं. सुजून बंद झालेला, पापण्या चिकटलेल्या.

मी म्हटलं, ताप डोक्यात गेला. पण मन बसेना. एकचे थेंब टाकले आणि सरळ गच्चीवर गेले. टाकीच्या मागे उभी राहिले. पदराखाली तीन बोटं धरली आणि जीभ बाहेर काढली. माझ्या वयाच्या बाईने! खाली आले तर ती तशीच भिंतीकडे तोंड करून.

"जीभ कोणाला दाखवत होतात?" ती म्हणाली. "आणि पदराखाली तीन बोटं कशाला?"

मी दोनच्या थेंबांची बाटली घेऊन तिथेच बसले. 

चौथ्या दिवशी तपासणीला गेलो. डॉक्टरने तिचा डावा डोळा झाकला, पापण्या उघडून उजव्यात बॅटरी मारली. "लाइट?" "नाही." तोंडापुढे बोटं नाचवली. "कितनी?" "सगळं पांढरं आहे, सर. फक्त सासूबाई दिसतात."

मी तिच्या पाठीमागे उभी होते. डॉक्टर हसला. "सास का डर आँख में बैठ गया है." योगेशही हसला. मी नाही.

त्या दिवसापासून एक थेंब चुकला नाही. दया आली म्हणून नाही, उगाच खोटं कशाला लिहू? कोणी बघत असलं की माणूस वेळेवर काम करतं, एवढंच. मी बाजारात गेले तरी तिला मी दिसायचे. मोरीत अंगावर पाणी घेताना दिसायचे. एकदा न राहवून मी मोरीतूनच ओरडले, "नजर फिरव ना तिकडे!"

आतून आवाज आला, "फिरवू कुठे, आत्या? दुसरं काही दिसतच नाही."

लांबचं माझं बोलणं मात्र तिला ऐकू येत नव्हतं, मी नुसती दिसायचे. एका दुपारी मी गच्चीवरून तिच्या बापाला फोन केला, पोरीला घेऊन जा म्हणून. खाली आले तर विचारते, "फोन कोणाला केलात? तुम्ही मला बघायला आला होतात ना, तेव्हासारखा चेहरा झाला होता तुमचा." मी म्हटलं, गॅसवाल्याला. पुन्हा तो फोन केला नाही.

डोळा फुटला नाही. दोन तासांनी, मग चार तासांनी असं करत थेंब सात-आठ महिने चालले. डॉक्टर योगेशला म्हणाला, "माँ ने बहुत सेवा की." रूपाली तेव्हा माझ्याकडे बघून हसली. मला ते हसू आवडलं नाही. बुबुळावर मात्र जाड पांढरं फूल राहिलं. त्या डोळ्याने माणसं, भांडी, दार काही दिसत नव्हतं. मी तेवढी स्वच्छ, चष्म्याशिवाय, सुरकुत्यांसकट.

पुढे वर्षभर डोळा शांत आहे बघून डॉक्टरने दान आलेलं बुबुळ बसवलं. किती तरी टाके. ते हळूहळू काढले, मग चष्म्याचा नंबर काढायला बोलावलं. डावा डोळा झाकून तिला खुर्चीत बसवलं, समोर भिंतीवर अक्षरांचा उजळलेला तक्ता. मला पुढे होऊन बघायचं होतं, तिला आता किती दिसतं ते. मी गेले ती नेमकी तक्त्यापुढेच उभी राहिले. तपासणारी मुलगी कागद शोधत होती, तिचं लक्ष नव्हतं.

रूपाली वाचायला लागली. वरची ओळ, दुसरी, तिसरी, चौथीतली दोन अक्षरं. थांबली नाही, मान तिरकी केली नाही. तक्ता माझ्या पाठीशी होता, पूर्ण झाकलेला. मी वळून एकेक अक्षर जुळवलं, इंग्रजी अक्षरं मला ओळखता येतात. सगळी बरोबर.

मुलीने वर बघितलं. "अरे बा, हट जाओ, बीच में खड़ी हो."

"कोण उभं आहे?" रूपालीने विचारलं.

मी डॉक्टरला एकट्याला गाठून विचारलं. तो म्हणाला, आधी मनाचा खेळ असेल, आता तक्ता पाठ झाला असेल. तो तक्ता तिने त्या डोळ्याने पहिल्यांदाच पाहिला होता. दुसऱ्या एका डॉक्टरला विचारलं, त्याने माझंच ब्लड प्रेशर मोजलं.

रूपाली माहेरी गेली नाही. आता जाड चष्मा लावते, शिवणाचं काम घेते, सुईत दोरा ओवते. डाव्या डोळ्याने तिला सगळ्यांसारखंच दिसतं, मीही दिसते. उजव्याने सगळं दिसतं, मी सोडून. मी काही बोलायला गेले की ती डाव्या डोळ्यावर तळहात ठेवते आणि हातातलं काम चालू ठेवते. योगेशला वाटतं, तिचा डोळा दुखतो.

कोणाला याचा अर्थ लागत असेल तर सांगा, मला लागलेला नाही. परवा दुपारी ती तशीच डोळ्यावर हात धरून स्वयंपाकघरातून येत होती आणि माझ्या अंगावर आदळली. एक पाऊल मागे सरली, दुसरा हात पुढे करून चाचपलं, माझ्या तोंडावरून बोटं फिरवली आणि विचारलं, "कोण आहे?"

घरात आम्ही दोघीच होतो.