आमेनच्या आधी उठलेली बाई

आमच्या आयडाहोच्या खोऱ्यात वर्डामावशीइतकी देवाची बाई दुसरी नाही. आमच्या चर्चच्या मंडळीची सुईण ती. मला आणि माझ्या बरोबरीच्या आर्डिथला तिनेच जगात आणलं. पण तिच्या हातून एक भयंकर गोष्ट घडली, आणि ती तिनेच मला सांगितली.

आमच्यात डॉक्टर चालत नाही. कुणी आजारी पडलं की पाळक कपाळाला तेल लावतात, सगळे गुडघे टेकतात. पाळक आमेन म्हणेपर्यंत उठायचं नाही. जो उठला त्याचा विश्वास कच्चा, आणि आजारी माणूस दगावला तर पाप त्याच्या माथी.

तेहतीस वर्षांपूर्वी तिचा नऊ वर्षांचा एल्डन असाच अंथरुणाला खिळला. सारखं पाणी मागायचा, वाळून काटकी झाला होता. प्रार्थनेत नवरा उठला, पोराला उचलून गाडीकडे निघाला. मावशीने गुडघ्यांवरूनच त्याचे पाय धरले. "अहो, मारू नका माझ्या लेकराला!" नवऱ्याने पुन्हा गुडघे टेकले. संध्याकाळी एल्डन गेला.

खूप वर्षांनी दाणागोट्याच्या दुकानात एक बाई आपल्या पोराला पोटात सुई टोचताना मावशीने पाहिली. "साखरेचा आजार," बाई म्हणाली. "आधी नुसती तहान तहान करायचा." त्या दिवशी मावशी तडक माझ्या घरी आली आणि सगळं बोलली.

गेल्या बटाट्याच्या काढणीत आर्डिथची सात वर्षांची लेटी आजारी पडली. आम्ही सगळे गुडघ्यांवर होतो. लेटीने चौथ्यांदा पाणी मागितलं, आणि मावशी माझ्या खांद्याचा आधार घेत उठली.

"वर्डा, खाली बस," पाळक हॉलिस म्हणाले. "पाप तुझ्या माथी येईल."

"येऊ दे. एक आहेच, त्याच्याशेजारी हेही ठेवीन." तिने लेटीला उचललं आणि मला म्हणाली, "गाडी काढ गं."

मी लगेच उठले नाही. आमेनची वाट पाहत राहिले, याची मला आजही लाज वाटते.

आर्डिथने मावशीचे पाय धरले. "मावशी, मारू नकोस माझ्या लेकराला!"

मावशी पांढरीफटक पडली. "हेच मी बोलले होते, पोरी. सोड." आर्डिथ सोडेना. तेव्हा त्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईने तिला असं ढकललं की ती मागच्या खुर्चीवर आदळून आडवी झाली. मग मीही उठले आणि गाडी काढली.

इस्पितळात लेटीलाही तोच साखरेचा आजार निघाला, आणि ती वाचली. आर्डिथ म्हणते देवानेच वाचवली. मावशीशी बोलत नाही. बाळंतपणाला तिला आता कुणी बोलावत नाही. पण दर रविवारी ती प्रार्थनेला येते, रिकाम्या बाकावर एकटी बसते, आणि लेटी धावताना दिसली की डोळे भरून बघते.

"आर्डिथला ढकललंस, त्याचं वाईट नाही वाटत?" मी एकदा विचारलंच.

"वाटतं ना," मावशी म्हणाली. "पण मला कुणी असं ढकललं असतं, तर माझा एल्डन आज बेचाळीसचा असता."