लाल अक्षरं

बाबा फिजीला निघायच्या आदल्या संध्याकाळी मी रोह्याहून पेणला गेले, ती त्यांच्या फोनमध्ये ई-सिम टाकायला. गणपतीला दीड महिना होता. तिथल्या एका छोट्या बेटावरच्या मंडळाने पेणहून मूर्ती मागवल्या होत्या आणि जहाजात ओल लागून त्यांचे रंग उतरले होते. बाबा चाळीस वर्षं मूर्तींचे डोळे आखतात, म्हणून मंडळाने त्यांनाच बोलावून घेतलं. ते पहिल्यांदाच विमानात बसणार होते.

मी माझ्या मोबाइलवर तो चौकोनी कोड उघडला, त्यांच्या फोनने टिपला आणि दोन मिनिटांत काम झालं.

"सिम कुठाय?" बाबांनी फोन उलटा करून पाहिला.

"आतच आहे. दिसत नाही."

"दिसत नाय, मग बिघडली तर कळनार कशी?"

मी हसले. पंधरा दिवस इंटरनेट चालेल, व्हॉट्सअ‍ॅपवर बोलता येईल, एवढं सांगितलं. त्यांच्या नेहमीच्या सिमचं रोमिंग मीच बंद करून ठेवलं.

पहिले पाच दिवस छान गेले. विमानतळाचे फोटो आले, नारळांचे आले, एका देवळाचेही आले. सहाव्या दिवशी ते बोटीने त्या छोट्या बेटावर गेले. मी रोह्याच्या कॉलेजात ऑफिसला असते. साडेदहाच्या सुमाराला, खिडकीवर दाखल्यांसाठी मुलांची रांग लागलेली असताना त्यांचा फोन आला. तिकडे संध्याकाळचे पाच झाले असतील. आवाज तुटत होता.

"बाय, नुसतं चाक फिरतंय. फोटो जात नाय."

"बाबा, सेटिंगमध्ये जा. ते दुसरं सिम दिसतंय ना, त्यावर बोट लावा. बंद करा, परत चालू करा."

समोरची मुलगी अर्जावर सही मागत होती. मी एका हाताने सही करत होते.

"लाल अक्षरांत कायतरी आलंय गो. दाबू?"

"दाबा," मी म्हटलं.

फोन कट झाला.

परत लागेल म्हणून मी कामाला लागले. दुपारी डबा खाताना पाहिलं तर माझ्या तीन मेसेजवर एकेकच खूण होती. तेवढ्यात शेजारच्या टेबलवरच्या बाई मोबाइलवरची बातमी वाचत म्हणाल्या, "प्रशांत महासागरात मोठा भूकंप झालाय. बेटांना त्सुनामीचा इशारा दिलाय. तुझे वडील तिकडेच ना गं?"

मी डबा बाजूला सारला. नकाशा उघडला. ते बेट बोटाच्या पेराएवढंही नव्हतं, चारी बाजूंनी निळं. मंडळाच्या पत्रावर तीन नंबर होते. पहिला बंद होता. दुसरा वाजत राहिला. तिसरा लागतच नव्हता. मग ज्या कंपनीचं ई-सिम घेतलं तिच्या साइटवरच्या मदतीच्या खिडकीत लिहिलं. बऱ्याच वेळाने उत्तर आलं: हे सिम ग्राहकाने फोनमधून स्वतः काढून टाकलं आहे, तोच कोड पुन्हा चालणार नाही. खाली वेळ दिली होती. ती साडेदहाचीच होती.

लाल अक्षरं म्हणजे 'सिम काढून टाका', हे तेव्हा कळलं. मी न बघता, न ऐकता 'दाबा' म्हटलं होतं. पाणी आलं तर कुठे जायचं, कोणाला हाक मारायची, हे त्यांना सांगणारी एकच वस्तू मी ऐन वेळी बंद करून टाकली होती.

आईला फोनवर सांगायची हिंमत नव्हती. साहेबांना सांगून चारची एसटी धरली. नागोठण्याला फोन पाहिला, गडबला पाहिला, वडखळच्या नाक्यावर पाहिला. इशारा मागे घेतल्याची बातमी आली होती, पण काही बेटांच्या किनाऱ्यावर पाणी शिरल्याचंही तिच्यात लिहिलं होतं. कुठल्या बेटांच्या, ते नव्हतं.

आई ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. घरात टीव्ही बंद.

"आज कशी काय आलीस गो?"

"सहज. उद्या सुट्टी टाकलीय."

"बाबांचा फोन आलेला?"

"सकाळी आलेला," मी म्हटलं. खोटं नव्हतं ते. ती मान हलवून पुन्हा सुपात बघायला लागली. जेवताना दोघी पावसाबद्दल बोललो.

सकाळी सहाला मी मागच्या कारखान्यात गेले. फळ्यांवर बिनडोळ्यांच्या मूर्ती ओळीने ठेवल्या होत्या. त्यांच्याकडे न बघता तिसरा नंबर लावला. या वेळी तो वाजला. एका बाईने उचलला. मला नीट बोलता येईना, नुसतं बाबांचं नाव घेतलं.

"रोओ नहीं बेटी," ती तिच्या जुन्या वळणाच्या हिंदीत म्हणाली. "बाबा हियाँ है. चाय पियत है."

मग बाबांचा आवाज आला. "कोन? बाय?"

भोंगा वाजल्यावर सगळं गाव डोंगरावर पळालं होतं. त्या बाईच्या नातेवाइकांनी बाबांना दोन्ही हातांना धरून वर नेलं. पाणी देवळाच्या पहिल्या पायरीपर्यंत येऊन मागे गेलं. मूर्ती वाचल्या होत्या.

"मी ठीक हाय," ते म्हणाले. "पन हात कापायचा थांबत नाय. ब्रश धरवत नाय बघ."

"बाबा, माझ्यामुळे..." मी म्हणत होते, तेवढ्यात मागून आईने माझ्या हातातून फोन घेतला. ती दारात कधीपासून उभी होती कोण जाणे.

"पानी किती आलेलं?" तिने विचारलं.

तिला सगळं ठाऊक होतं. शेजारणीने दुपारीच सांगितलं होतं. मला कळू नये म्हणून, मी आल्यावर हातपाय धुवायला गेले तेव्हा, तिने टीव्हीची वायर काढून ठेवली होती.

पुढचे आठ दिवस बाबा रोज त्या बाईच्या फोनवरून दोन मिनिटं बोलत. तिसऱ्या दिवशी हात थांबला, मग त्यांनी राहिलेले डोळे आखले आणि ठरल्या तारखेला परत आले.

मुंबईच्या विमानतळावर मी आणायला गेले होते. ते बॅग ढकलत बाहेर आले, इथलं नेटवर्क मिळालं, आणि माझा फोन वाजायला लागला. त्या संध्याकाळी अडकून पडलेले त्यांचे बोलून पाठवलेले मेसेज एकामागून एक येत होते. एकूण सात होते. बाबा माझ्यासमोरच उभे होते, त्यामुळे मी फोन पर्समध्ये टाकला.

रोह्याला पोचल्यावर दार लावून ते एकेक ऐकायला घेतले. वारा होता, लोकांचं गाणं होतं, लहान मुलांचं रडणं होतं. चौथ्या मेसेजमध्ये बाबा म्हणत होते, "बाय, मी कायतरी चुकीचं दाबलं वाटतं. तुला लागत नाय. मला भ्या वाटतंय गो."

हा शब्द मी त्यांच्या तोंडून जन्मात ऐकला नव्हता. उरलेले तीन मेसेज मी अजून उघडलेले नाहीत.