नक्षीवाला खेकडा

अंदमानातल्या एका छोट्या बेटावर आमची पोस्ट होती. सुभेदारसाहेबांसकट आम्ही नऊ जण, एक वायरलेस सेट आणि रेशन घेऊन येणारी बोट. मी हवालदार, घर अंबरनाथच्या बुवापाड्यात. नाईक किसन बारवी धरणाकडच्या पाड्यातला. इतक्या लांब गाववाला भेटला म्हणून मी खूश, आणि तो मला दादा म्हणायचा.

उल्हासनगरच्या मच्छीबाजारात मी चिंबोऱ्या, कोळंबी, जवळा पाहिलेला. बेटावर मात्र थक्क झालो. शंख पाठीवर घेऊन फिरणारे खेकडे, एकच नांगी भलीमोठी असलेले, चक्क माडावर चढणारेही. सकाळी पीटीला आमच्याआधी तेच मैदानात हजर.

"दादा, या शंखवाल्याला फॅमिली क्वार्टर मिळालं. आपला नंबर कधी?" किसन विचारायचा.

गावच्या ओढ्यातले मुठे, म्हणजे काळे खेकडे, पकडण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. पोटाखाली पिल्लं असलेली मादी तो परत पाण्यात सोडायचा. बेटावरही त्याने तो नेम मोडला नाही.

एकदा वादळामुळे बोट आली नाही. तांदूळ होता, कालवणाला काही नव्हतं. दुपारी ओहोटीला किसन खडकांवर गेला आणि बादली भरून खेकडे घेऊन आला. त्यात एकाच्या पांढुरक्या पाठीवर तांबडी-तपकिरी नक्षी होती.

"हा कसला रे?" मी विचारलं.

"असंल इथला. खेकड्याला कुठं इख असतं, दादा?"

मलाही पटलं. आमच्या मुलखात खेकडा खाऊन कोणी दगावल्याचं ऐकलं नव्हतं.

रस्सा उकळला. सुभेदारसाहेब ताट घेऊन पुढे आले, तशी किसनने पळी आडवी धरली.

"थांबा साहेब. रांधनारा पयला चाखील, मंग पंगत. आमच्या पाड्याची रीत हाये."

साहेब हसून थांबले. किसनने रस्सा चाखला, नक्षीवाल्याची नांगी फोडून खाल्ली आणि मीठ बरोबर असल्याचं सांगितलं. मी ताटं मांडेपर्यंत तो ओठ चोळायला लागला.

"दादा, ओठ बधिर झालं."

पुढच्या क्षणी त्याने लाथ मारून टोप उलटवला. "कोनी खाऊ नका!"

त्याचे हातपाय लुळे पडले. मग श्वास अडायला लागला. साहेबांनी सेट उचलला.

"वन कॅज्युअल्टी. श्वास बंद पडतोय. हेलिकॉप्टर पाठवा. ओव्हर."

"वारा फार आहे. उड्डाण शक्य नाही. ओव्हर."

आम्ही आळीपाळीने त्याला तोंडाने श्वास देत राहिलो. तो माझ्याकडे बघत होता. सूर्य मावळायच्या आत नाईक किसन गेला. त्या नक्षीवाल्याचं विष उकळूनही जात नाही, हे आम्हाला डॉक्टरांनी नंतर सांगितलं. आम्ही आठही जण सुखरूप घरी परतलो.

आता मी अंबरनाथलाच, आनंदनगरला एका कंपनीच्या गेटवर ड्युटी करतो. दर पावसाळ्यात बारवीकडे किसनच्या आईला भेटायला जातो. ती मुठ्यांचं कालवण करते. किसनची फार आठवण येते, तिलाही आणि मलाही, पण जेवताना आम्ही त्याचं नाव काढत नाही.

म्हातारी आधी स्वतः चाखते. पूर्वी हे चाखणं मीठ-तिखटापुरतं असायचं. आता ती माझ्या ताटावर हात आडवा धरून बसते, बोटाने स्वतःचे ओठ चाचपते. बराच वेळ. मग हात काढते.

"जेव, बाबा."