बैलाच्या पोटासाठी गांजा

आता काय सांगू तुम्हाला! वकिली सोडावी असं मला अधूनमधून वाटतंच, पण त्या दिवशी काळा कोट थेट अंबानाल्यात फेकावा असं वाटलं.

दर्यापूरकडचे बाबारावकाका माझे अशील. म्हातारा माणूस, सुपारीचंही व्यसन नाही. बैलाचं पोट फुगलं की गुळात गांजा घालून चारायचा, हा त्यांच्या बापाचा जुना उपाय. म्हणून काका अमरावतीला आले आणि एका पानठेल्यावर भोळेपणानं गांजा मागून बसले. शेजारी कोण? साध्या कपड्यातले पोलीस! झालं, काका आत.

"वकीलसाहेब, म्या घेतला नाई, नुसता इचारला!"

"काका, विकत घ्यायचा प्रयत्न हाही गुन्हाच. थोडक्यासाठीसुद्धा वर्षभर सक्तमजुरी होऊ शकते."

"वर्षभर? मंग वावर कोन पाहीन?" काका रडायलाच लागले.

उद्या जामीन मिळवून देतोच, म्हणालो. इथवर ठीक होतं. पण घटनास्थळ स्वतः तपासायची माझी वकिली खोड! पानठेलेवाला गांजा विकतच नाही असं कळलं, तर कोर्टात काय बार उडवता येईल! तो बिचकू नये म्हणून कोट काढून स्कूटरच्या डिक्कीत ठेवला. आणि काकांचेच शब्द, अगदी तस्सेच, बोललो, "भाऊ, बैलाच्या पोटासाठी थोडा गांजा पाह्यजे होता."

मला सांगा, ते पोलीस अजून तिथंच असतील असं कोणाला वाटेल? मागून मानगूटच धरली!

"साहेब, यालेई बैलासाठीच पाह्यजे! टोळी हाय राजेहो, टोळी! हे या लोकायचं खुणेचं वाक्य हाय!"

"अहो, मी वकील आहे!"

"कोट कुठी हाय?"

"डिक्कीत."

"बैल कुठी हाय?"

"माझ्याकडे बैल नाही."

"मंग गांजा कोनाले पाह्यजे?"

भल्याभल्या साक्षीदारांची बोलती बंद करणारा मी, हवालदाराच्या मागून मुकाट ठाण्यात गेलो.

संध्याकाळी ओळखीच्या वकिलांनी येऊन मला सोडवलं. पण सकाळी कोर्टात सरकारी वकील उठले.

"साहेब, जामीन देऊ नये. यामागे टोळी असावी. आरोपीचा साथीदार काल तेच वाक्य बोलताना सापडला."

सगळं कोर्ट माझ्याकडे बघायला लागलं. धरणीनं पोटात घ्यावं, दुसरं काय! नुसतं विचारण्याचा गुन्हा, त्याची मी टोळी करून ठेवली होती. आता माझ्यापायी म्हातारा आत सडणार.

तरी घसा खाकरून उभा राहिलो. "माझे अशील..."

तेवढ्यात काकांनी आरोपीच्या पिंजऱ्यातून हात जोडले.

"साहेब, मले वकील नोको. माहा गुन्हा माह्या येकट्याचाच राहू द्या!"

न्यायाधीशांनाही हसू आवरेना. काकांना तिथल्या तिथं जामीन मिळाला. इतका झटपट जामीन माझ्या उभ्या वकिलीत मी कोणाला मिळवून दिलेला नाही.