ड्रोन नव्हताच

लष्कराच्या हवाई संरक्षण दलातून मी सुभेदार म्हणून निवृत्त झालो. आता कोलकात्यात बेहाल्याला मुलीकडे राहतो. मागच्या हिवाळ्यात एका संध्याकाळी आमच्या इमारतीची गच्ची माणसांनी भरली होती. अंतराळ स्थानक डोक्यावरून जाणार होतं. पश्चिमेकडून तो प्रकाश वर आला आणि टाळ्या पडल्या. मी तडक खाली आलो. मुलगी मागोमाग आली.

"बाबा, त्या उजेडाचा कसला एवढा राग?"

तेव्हा बोललो नाही. आता लिहितो.

उत्तर सीमेवरच्या एका उंच पोस्टवर मी कमांडर होतो. आकाशावर नजर ठेवणं हेच आमचं काम. ड्रोन खालून येतो, वळतो, थांबतो, त्याची घरघर येते. उपग्रह एकाच चालीने, आवाज न करता जातो. सूर्य मावळला तरी इतक्या उंचीवर त्याच्यावर ऊन असतं, म्हणून तो चमकतो. पृथ्वीच्या सावलीत शिरला की आकाशातच विझतो. पोस्टवरच्या प्रत्येक जवानाला हे पाठ होतं.

त्या संध्याकाळी ड्यूटीवर लान्स नायक तपन मंडल होता. कोलकात्याजवळच्या बराकपूरचा. पोस्टवरचा स्वयंपाक बेचव म्हणून रोज भांडायचा आणि दोनदा वाढून घ्यायचा. त्याने हाक मारली.

"साहेब, सॅटेलाइट. मोठा आहे."

मीही पाहिला. पूर्वेच्या कड्यावर पोचता पोचता तो विझला. नियमाप्रमाणे मी रेडिओवर कळवलं. खालच्या तळावर एक मेजर नवीन आले होते. त्यांनीही तो पाहिला होता.

"तो ड्रोन आहे. कड्यामागे उतरलाय. गस्तीची तुकडी पाठवा. ओव्हर."

"सर, सॅटेलाइट आहे. कड्यावर ताजा बर्फ आहे. सकाळी पाठवतो. ओव्हर."

"मत विचारलेलं नाही. आत्ता पाठवा. तुम्ही पोस्ट सोडायची नाही. आउट."

चौघे निघाले. तपन पुढे होता. कड्याच्या टोकाशी त्याच्या पायाखालचा बर्फ तुटला आणि तो दरीत कोसळला. चौघे एकाच दोराला बांधलेले होते; बाकीचे तिघे ओढले जाता जाता थोडक्यात वाचले. तपनच्या वजनाने दोर खडकावर घासून तुटला होता.

दुसऱ्या दिवशी अंधार पडायच्या सुमारास आम्ही त्याचा मृतदेह वर आणला. स्ट्रेचर बंकरसमोर ठेवलं आणि पश्चिमेकडून तोच प्रकाश वर आला. तीच चाल. सगळे बघत उभे राहिले. मी रेडिओ उचलला.

"सर, कालचा ड्रोन परत आलाय. गस्तीची तुकडी पाठवू? ओव्हर."

मी पुन्हा विचारलं.

चौकशीत मी सगळं सांगितलं. अहवालात आलं, 'नेहमीच्या गस्तीवर अपघात.' मेजरसाहेबांची बदली झाली, पुढे बढतीही. माझ्या तोंडात आजही शिवी येते.

कोलकात्यात आल्यावर मी आधी बराकपूरला गेलो. तपनचे वडील शाळेत शिपाई होते, आता थकले आहेत. ते मला गल्लीच्या तोंडाशी घेऊन गेले. तिथे मोहल्ल्यातल्या पोरांच्या क्लबने, कानावर आलेल्या गोष्टीवरून, फलक लावला होता. तपनचं नाव, आणि खाली बंगालीत एक ओळ. त्यांनी ती मला हिंदीत वाचून दाखवली: 'शत्रूचा ड्रोन पकडताना वीरमरण.'

"सुभेदारसाहेब, ड्रोन सापडला का हो? मला कोणी सांगत नाही."

"बाबूजी, ड्रोन नव्हताच. तपनने तसं सांगितलंही होतं. मी सांगितलं होतं. वरच्या अधिकाऱ्याने ऐकलं नाही."

ते फलकाकडे वळले. मला वाटलं रडतील. त्यांचा चेहरा तांबडा झाला होता.

"म्हणजे माझा मुलगा बरोबर होता."

"पूर्ण बरोबर."

कोपऱ्यावरच्या रंगाच्या दुकानातून त्यांनी पांढऱ्या रंगाचा छोटा डबा आणि ब्रश आणला. क्लबची पोरं त्यांना जेठू, म्हणजे थोरले काका म्हणायची; ती धावत आली. "जेठू, काय करताय?" त्यांनी कोणाला जवळ येऊ दिलं नाही. ती ओळ त्यांनी शेवटच्या अक्षरापर्यंत रंगाखाली झाकून टाकली. वरच्या नावाला रंगाचा एक थेंबही लागू दिला नाही.