रेवणसिद्धनं चढवलेला सूर

चाटी गल्लीतल्या चादरींच्या दुकानात रेवणसिद्ध बारा वर्षं गिऱ्हाइकं करतोय. माणूस साखरेसारखा. पन्नास टॉवेल उलगडायला लावून कुणी तसंच निघालं, तरी "या की परत" म्हणणार. असल्या माणसाला आतून काय डाचत असेल, असं कुणालाही वाटेल. पण डाचत होतं, आणि डाचायलाच हवं होतं.

कॉलेजात त्यांचा आठ जणांचा संच होता, चार मुली न् चार मुलं. पेटी नाही, तबला नाही, तंबोरासुद्धा नाही. जे काय वाजायचं ते तोंडानं. एकानं ठेका धरायचा, दोघांनी खालचा सूर घुमवत ठेवायचा, बाकीच्यांनी गायचं. लोक आधी हसायचे, वाजवणारे रुसले काय म्हणून, आणि मग गप होऊन ऐकायचे. सुरुवातीचा सूर द्यायचं काम रेवणसिद्धचं. घरात तीन पिढ्यांचं भजन, त्यामुळं कान असा पक्का, की पेटीला हात न लावता पांढरी पाचची पट्टी म्हणजे पांढरी पाचच. मंचावर त्यानं दिलेला सूर सगळ्यांनी मुकाट धरायचा, हा संचाचा नियम होता.

मुख्य गाणारी हेमावती. वळसंगहून रोज एसटीनं यायची. पुढं संगीतात एम.ए. करायचं तिनं ठरवलं होतं, फॉर्मही आणून ठेवला होता. युवा महोत्सवाच्या आधी आठवडाभर संच बसवणाऱ्या सरांनी रेवणसिद्धच्या चार ओळी काढून तिला दिल्या. वर ही म्हणाली, तुझा खालचाच सूर लई भारी लागतो रे. बोलली ती सरळ मनानं, पण ह्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

महोत्सवात ह्यानं ठरलेल्या पांढरी पाचच्या जागी तिच्या वरची पांढरी सहा दिली. चुकून नव्हे, मुद्दाम. जरा दमछाक होऊ दे हिची, एवढंच मनात. नियमाप्रमाणं सगळ्यांनी तो सूर धरला, चढलाय हे कुणाला कळलंही नाही. वरच्या ओळीला हेमावतीचा आवाज चिरकला, दुसऱ्यांदा गेली तर फुटलाच. मागच्या रांगांतून शिट्ट्या आल्या.

मंचामागं ती रडत एकेकाची माफी मागत होती. ह्याचीसुद्धा! आणि हा बहाद्दर म्हणतो कसा, असू दे गं, होतं असं कधीकधी. अरे, तिथंच तोंड उघडायचं की! पण नाही. तिनं संच सोडला. उद्या सांगू म्हणता म्हणता परीक्षा झाल्या, निरोप समारंभ झाला आणि तेरा वर्षं निघून गेली.

परवा ती दुकानात आली. भावाचं लग्न, आहेराला टॉवेल-टोप्या हव्या होत्या. ओळख पटल्यावर हसली. गावातल्याच शाळेत शिकवते म्हणाली. गाणं चालू आहे का, असं ह्यानं भीतभीत विचारलं. ती म्हणाली, छे, शाळेतली प्रार्थनासुद्धा दुसऱ्या बाई सांगतात. ऐन वेळेला दगा देणारा गळा, कशाला परत हसं करून घ्यायचं?

रेवणसिद्धच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. मग त्यानं खाली मान घालून सगळं सांगितलं: कुठली पट्टी ठरली होती, कुठली दिली, का दिली.

हेमावतीनं त्याच्या हातातला टॉवेल घेऊन घडी घातली. मग म्हणाली, "सरांनी लई समजावलं होतं. घरी आले होते, दोनदा. बाबापण तयार होते. मीच एम.ए.चा फॉर्म भरला न्हाय. म्हटलं, माझ्याच गळ्यात खोट हाय."

"मला माफ कर, हेमा."

"केलं की," ती म्हणाली. "पण हे तू त्याच दिवशी सांगितलं असतंस, तर मी फॉर्म भरला असता रे."

मग तिनं पन्नास टॉवेल बांधून द्यायला सांगितले. ह्यानं ते मोजले, चुकले, पुन्हा मोजले. ती शांतपणे उभी होती, आणि तिनं चार शिव्या तरी द्याव्यात असं त्याला फार फार वाटत होतं.