हिरव्या टोकाचा बार

“उडियानाच नाववर जाऊ दे. त्याले कोठे बोलता येस?”

पाण्याच्या टाकीपाशी करवतीवरचे काका शेजारच्या लेथवाल्याला सांगत होते. मी तिथेच बाटली भरत होते. आमच्या घरीही अहिराणीच चालते, हे काकांना चांगलं ठाऊक आहे. तरी त्यांनी आवाज खाली आणला नाही.

आमच्या कारखान्यात रायफलचे बोल्ट बनतात आणि मी ते तपासते. गोळी सुटते तेव्हा मागे येणारा सगळा दाब बोल्टच्या दोन लहान दातांवर येतो. म्हणून त्याचं पोलाद वरून कठीण आणि आतून चिवट लागतं. गाभा ठिसूळ असला तर दात तुटतात आणि बोल्ट नेम धरणाऱ्याच्या डोळ्याकडे येतो. दर लॉटमधला एक बोल्ट मी मधोमध कापून गाभ्याची कठीणता मोजते. त्या आठवड्यात आकडा फार वर गेला, म्हणजे गाभा ठिसूळ. दुसरा कापला, तरी तेच. लॅबमधून कळलं, पोलादच वेगळं होतं, आमच्याकडेच बनणाऱ्या पंपाच्या शाफ्टचं.

ते कसं झालं हे मला रिपोर्टशिवायच माहीत होतं. बोल्टच्या बारला, म्हणजे पोलादाच्या लांब सळईला, एका टोकाला हिरवा रंग असतो, शाफ्टच्या बारला पिवळा. कापायचं नेहमी कोऱ्या टोकाकडून, म्हणजे शेवटच्या तुकड्यापर्यंत रंग राहतो. काकांनी घाईत दोन्ही बार रंगाच्या बाजूने कापले. उरलेले दोन्ही सारखेच दिसत होते. असे बार बाजूला काढायचे असतात. काकांनी अंदाजाने एकाला हिरवा रंग फासला. मी दारातून पाहिलं, आणि मी पाहिलं हे त्यांनीही पाहिलं. ब्रश डब्याच्या काठावर निथळवत त्यांनी विचारलं, “पप्पा बरा शेतस ना?”

काका गोडादऱ्याच्या वस्तीत आमच्याच गल्लीत राहतात. इथे तपासणीला मुलगी हवी आहे, हे त्यांनीच पप्पांना सांगितलं होतं. मी म्हटलं, बरे आहेत.

रिपोर्ट आला त्या दुपारी मॅनेजरनी सगळ्यांना करवतीपाशी बोलावलं. करवतीवर दोघंच, काका आणि तो उडिया कारागीर. त्याचं नाव हजेरीत होतं, पण ते कुणी घेत नसे.

“मैं तो कोरे सिरे से ही काटता हूँ, साहब,” काका विचारण्याआधीच म्हणाले.

मॅनेजरनी रंगाचे दोन डबे मागवले आणि एक उडियासमोर धरला.

“ये कौन सा रंग?”

“हरा.”

“और ये?”

“पीला.”

“पक्का? सोच के बोल.”

“पीला.”

तो प्रत्येक वेळी बरोबर सांगत होता आणि लोक प्रत्येक वेळी हसत होते. कुणीतरी मागून म्हणालं, चष्मा द्या रे त्याला. मग मॅनेजरनी तो कापलेला बोल्ट त्याच्या हातात दिला, गालाला लावायला सांगितला आणि एक डोळा मिटून नेम धरायला लावला.

“अब गोली चली,” ते म्हणाले.

त्याने दोन्ही डोळे मिटले. हसणं आणखी वाढलं. मीही हसले, ओठ मिटून.

“कल से मत आना.”

त्याने बोल्ट टेबलावर ठेवला, हात पँटला पुसले. तो निघेल असं मला वाटलं. पण तो माझ्याकडे वळला आणि अडखळत म्हणाला, “मैडम को पूछो. मैडम उस दिन दरवाजे पे खड़ी थी.”

एवढं लांब वाक्य त्याच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं. मॅनेजरनी मला विचारलं,

“बेन, आपने देखा? रंग किसने लगाया?”

काका माझ्याकडे पाहत नव्हते. ते रुमालाची घडी घालत होते, सावकाश, कोपऱ्याला कोपरा लावून. उडिया मात्र पाहत होता. त्याच्या गालावर बोल्टच्या तेलाचा डाग होता.

“मैं सिर्फ माल चेक करती हूँ, सर.”